बाबा आणि इंजिनाची उष्टी हवा

माझे सासरे मला पाहायला खडकीला आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी आधी माझ्या वडिलांची स्कूटर पाहिली. वडील नुकतेच दही घेऊन परतले होते. फाटकापाशी ते स्कूटर बंद करणार एवढ्यात सासरे म्हणाले, "थांबा, चालू राहू द्या." खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. घरात पोह्यांच्या बश्या निवत होत्या. नवरा मुलगा, म्हणजे मिलिंद, या गृहस्थांशी आपली ओळख आत्ताच बसमध्ये झाली असावी अशा चेहऱ्याने पायरीकडे बघत उभा होता.

बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते वडिलांना म्हणाले, "पिस्टनची पिन वाजते आहे. पावसाळाभर ओढेल, पण लेकीच्या लग्नाच्या धावपळीत दगा देईल. आधीच करून घ्या."

लग्न ठरलं आहे हे आम्हाला असं कळलं. मला त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

भाऊराव मेश्राम हे त्यांचं नाव. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. वर्ध्याकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी पुण्याला आले आणि शेतीपंपांची व जनरेटरची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात लागले. तयार झालेलं इंजिन लोखंडी चौथऱ्यावर बांधायचं, तासन्‌तास चालवायचं आणि ते कसं वागतं ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हाही तेच काम होतं. फक्त शेवटी हाताखाली माणसं होती. बोलणं पक्कं पुणेरी झालं होतं. म्हणायचे, "या शहरात राहायला दोन गोष्टी याव्या लागतात. टोमणा मारणं, आणि मारल्यावर चहा न विचारणं. मला पहिली आली, दुसरी काही जमली नाही." ते खरं होतं. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांनी ज्याला ज्याला बोलून घेतलं तो प्रत्येक माणूस नंतर आमच्याकडे चहा पिऊन गेला. रागावले की मात्र जीभ थेट वर्ध्याला जायची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. संध्याकाळी मी वाचत बसले की समोरच्या खुर्चीत बसून ते काही तरी दुरुस्त करत. "तुझं बरं आहे," एकदा म्हणाले, "पुस्तक बिघडलं तर लिहिणाऱ्याला दोष. माझ्याकडे बिघडलेलं सगळं दुरुस्त करणाऱ्याच्या गळ्यात." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे त्या घरात पहिल्या वर्षात मी जे काही शिकले, डाळीला फोडणी कधी द्यायची इथपासून ते वॉशर कुठल्या बाजूने बसवायचा इथपर्यंत, ते बाबांकडून.

घरात एकच नियम कडक होता. उष्टं कोणी खायचं नाही. आमची मुलगी ओवी लहान असताना एकदा तिच्या ताटलीत थोडा वरणभात राहिला. माझी आई करायची तसा मी तो सहज माझ्या ताटात ओढू लागले, तर बाबांनी माझ्या हातातली ताटली हळूच काढून घेतली. "सुजाता, या घरात नाही." नंतर त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजीला सणाच्या दुसऱ्या दिवशी गावात दारोदार फिरून टोपलीत शिळं-उष्टं आणावं लागे. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आजोबा नागपूरहून परत आले आणि त्यांनी ती टोपली चुलीत घातली. "त्या दिवशी घरात फक्त भाकर आणि मीठ होतं," बाबा म्हणाले, "पण आमचं होतं आणि ताजं होतं." ते स्वतः तेव्हा पाळण्यात होते, तरी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत. अशी गोष्ट आमच्या माहेरीही होती, तपशील थोडे वेगळे. फरक एवढाच की आमच्याकडे ती सांगितली जायची आणि यांच्याकडे ती पाळली जायची.

मिलिंदची आयटी कंपनी हडपसरला. वारज्याहून हडपसर म्हणजे रोज सगळं शहर ओलांडायचं, तेही पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये. त्याने डिझेलची गाडी घेतली. दोन-तीन वर्षं ती बरी चालली, मग तिचा जोर कमी झाला. चढावर ती अशी चढायची की आपणच उतरून ढकलावं की काय असं वाटे. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. तेवढ्यात मिलिंदला कंपनीने काही महिन्यांसाठी परदेशी पाठवलं आणि गाडी बाबांच्या ताब्यात आली. विमान उडालं असेल नसेल, बाबांनी बॉनेट उघडलं.

एका रविवारी त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. "ये, तुला एक घाण गोष्ट दाखवतो." हातात मुठीएवढा एक सुटा भाग होता आणि त्याच्या तोंडावर डांबरासारखी काळी साय जमली होती.

"हा ईजीआर व्हॉल्व्ह. काय करतो माहीत आहे? इंजिनातून जो धूर बाहेर पडतो ना, त्यातला थोडा वळवून पुन्हा इंजिनातच सोडतो. म्हणजे पाहुणा जेवला, त्याने ढेकर दिली, आणि यजमानाने तीच ढेकर परत त्याच्या ताटात वाढली."

"पण असं का करतात?" मी विचारलं.

"ते बनवणाऱ्यांना विचार. कसल्या तरी नियमात बसवायला. आमच्या इंजिनात असला प्रकार नव्हता." मग आवाज एकदम खाली गेला. "इंजिनाला उष्टं घालतात, सुजाता."

त्यांनी मिलिंदच्या टॅबवर शोधायला सुरुवात केली. गाडीवेड्यांच्या चर्चा वाचल्या. पंजाबपासून केरळपर्यंत अनेकांनी हाच उपाय केला होता: व्हॉल्व्ह आणि नळी यांच्या मधोमध पत्र्याचा एक तुकडा बसवायचा, म्हणजे धूर परत येण्याचा रस्ता बंद. "सगळा देश करतोय आणि मीच काय ते मागे," म्हणाले. जुन्या गॅस्केटचा आकार पत्र्यावर आखला, कातरला, कानशीने घासला, बोल्टसाठी भोकं पाडली. पत्रा एकेरी टिकणार नाही म्हणून दुहेरी केला. तो पत्रा कुठून आला हे मी विचारलं नाही.

गाडी खरोखर सुधारली. वारज्याच्या चढावर ती अशी निघाली की मी दाराची मूठ धरली. बाबांनी गाडी थांबवली, चालूच ठेवली, खिशातला पांढरा रुमाल काढला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. रुमाल जवळजवळ तसाच. "बघ. आधी काळा व्हायचा. ताजी हवा मिळाली की कोणीही सुधारतं." मग सोसायटीतल्या प्रत्येक डिझेलवाल्याला त्यांनी तो रुमाल दाखवला. एकजण म्हणाला, "काका, रुमाल धुतलेला दिसतोय." बाबा म्हणाले, "हो. तुमची गाडी धुतलेली दिसली की मी कळवतो." त्याला चहा मिळालाच.

रोज सकाळी ते खाली जाऊन इंजिन सुरू करत आणि बराच वेळ चालू ठेवून त्याचा आवाज ऐकत उभे राहत. शाळेच्या व्हॅनची वाट बघणारी मुलं त्यांना "आबा, आज काय म्हणतंय इंजिन?" असं विचारायची. "म्हणतंय, गृहपाठ केला का."

मिलिंद परत आला. गाडी हातात घेतली आणि खूश झाला; बाबा म्हणाले, "हवापालट झाला तिचा." एवढ्यावर सगळ्यांचं भागलं. काही आठवड्यांनी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. बाबा म्हणाले, दिव्याकडे बघू नकोस, इंजिनाकडे बघ. मग एका संध्याकाळी घरी येताना उड्डाणपुलाच्या चढावर गाडीने एकाएकी जोर सोडला. आतल्या संगणकाला काही तरी गडबड कळली की तो इंजिनाची ताकद स्वतःच कमी करतो, हे आम्हाला नंतर समजलं. मागे भरलेला ट्रक होता. त्याने करकचून ब्रेक दाबला. थांबला तेव्हा त्याचे दिवे मिलिंदच्या आरशात मावत नव्हते.

शनिवारी आम्ही दोघं सर्व्हिस सेंटरला गेलो. तासाभराने काउंटरवरचा तरुण माझ्याकडे वळला. "मॅडम, आपलं नाव सुजाता का?"

"हो. का?"

"नाही, म्हणजे... आपण इंजिनमध्ये होतात."

त्याने काउंटरवर पत्र्याचा एक तुकडा ठेवला. अंगठ्याने काजळी पुसली होती. स्टीलच्या भांड्यांवर दुकानदार ठिपक्याठिपक्यांची अक्षरं कोरून देतात, तशी अक्षरं तिथे दिसत होती: सौ. सुजाता मि. मेश्... पुढचं बोल्टच्या भोकात गेलं होतं.

"माझ्या डब्याचं झाकण आहे," मी म्हटलं. "मी केव्हाची शोधते आहे."

तो तरुण हसला. मिलिंद हसला नाही.

घरी आल्यावर तो पत्रा त्याने बाबांसमोर टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. ते जास्त वाईट होतं. "बाबा, मागे ट्रक होता. यापुढे गाडीचं बॉनेट तुम्ही उघडायचं नाही. किल्लीही माझ्याकडे राहील."

"काहून बे?" बाबा म्हणाले. "जन्मभर इंजिनं चालवली ते काय खेळण्यातली होती का?"

"ती इंजिनं वेगळी होती, बाबा. ही वेगळी आहेत. तुम्हाला यातलं कळत नाही."

मिलिंदने आयुष्यात वडिलांना पहिल्यांदाच हे वाक्य ऐकवलं असावं. बाबांनी पत्र्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि उठून आपल्या खोलीत गेले.

पुढचे दिवस घर फार नीट चाललं. बाबा वेळेवर जेवत, वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचत, आणि पार्किंगकडे फिरकत नसत. खालून मुलं हाक मारायची तर म्हणायचे, "आबा रिटायर झाले." स्वयंपाकघरातला मिक्सर एकदा चमत्कारिक घरघरला. मी मुद्दाम तो पुन्हा पुन्हा चालवला. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा मला भीती वाटली. जो माणूस आवाज ऐकू येतात म्हणून जगतो, त्याने कान बंद केले तर मागे काय उरतं?

शेवटी त्यांनी शुभदाला फोन केला. शुभदा कारखान्यात त्यांच्या हाताखाली काम शिकली होती आणि आता हडपसरच्या एका प्रयोगशाळेत गाड्यांच्या धुराच्या चाचण्या घेत होती. बाबांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मी साक्षीदार असावं अशी इच्छा दिसली.

"शुभदा, माझ्या मुलाला समजावून सांग. तुझं ऐकेल. तुझ्याकडे इंग्रजी आहे."

"सांगते की, साहेब. पण तुम्हाला आवडेल असं नाही सांगणार. तुम्हीच या एकदा इकडे."

गाडी नव्हती, म्हणून आम्ही बसने गेलो. शुभदाने गप्पांत वेळ घालवला नाही. आमच्या गाडीच्या जातीचंच एक इंजिन चौथऱ्यावर बांधलेलं होतं. चौथरा पाहून बाबांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला. तिने ते आधी व्हॉल्व्ह चालू ठेवून चालवलं, मग बंद करून. दुसऱ्या वेळी बाबांनी लगबगीने रुमाल पुढे केला. "हे बघ, स्वच्छ."

"स्वच्छच आहे, साहेब. आता इकडे बघा." पडद्यावरचा एक आकडा भराभर वर चढत होता. "काजळी कमी झाली, कारण आग जास्त भडकली. पण आग फार तापली की हवेतला नायट्रोजनच जळायला लागतो. त्याचा वायू डोळ्यांना दिसत नाही, रुमालावर येत नाही. छातीत जाऊन बसतो. ती परत सोडलेली हवा इंजिनाला जेवायला नसते हो. आग मंद करायला असते. चुलीतलं लाकूड आपण थोडं मागे ओढतो ना, तसं."

बाबा आकड्याकडे बघत राहिले. "हा वायू लहान मुलांना...?"

"त्यांना जास्त त्रास."

परतीच्या वाटेवर बस बदलायला आम्ही मंडईपाशी उतरलो. त्यांनी पेरू घेतले, तिखट-मीठ लावून घेतलं, आणि खाल्ले नाहीत. कडेच्या कट्ट्यावर बसून मला विचारलं, "सकाळी मी गाडी चालू करून उभा असायचो, तेव्हा व्हॅनची पोरं कुठे उभी असायची?"

"पार्किंगच्या उताराच्या कडेला."

"म्हणजे गाडीच्या मागे."

"हो."

"ओवी पण."

त्यांनी पेरूची पिशवी माझ्याकडे दिली. "जन्मभर मी इंजिनाचं बघितलं, सुजाता. त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघितलं नाही. उष्टं म्हटलं, आजीची टोपली डोळ्यांपुढे आली, आणि पुढचं काही दिसलंच नाही." मग म्हणाले, "आजी असती तर तिने आधी विचारलं असतं, की बाबा रे, पोरं कुठे आहेत."

घरी मिलिंद लॅपटॉपवर काम करत होता. बाबा चपला न काढता त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"माझं चुकलं. आता किल्ली दे."

मिलिंदने वर पाहिलं. "म्हणजे?"

"पत्रा नाही बसवणार. व्हॉल्व्ह साफ करणार. तुझा रस्ता रांगेचा, त्यात तो पुन्हा बुजणार. ठरावीक दिवसांनी काढायचा, धुवायचा, बसवायचा. बंद करायचा नाही. शुभदाला विचार, पाहिजे तर."

"किल्ली चुकलं म्हणालात म्हणून देऊ, की साफ करणार म्हणून?"

"तुला जे जास्त अवघड वाटत असेल त्यासाठी दे."

मिलिंदने लॅपटॉप मिटला. मग उठला, खिशातून किल्ली काढली आणि म्हणाला, "चला, मी पण येतो खाली." बाबा म्हणाले, "ये. पण तो पांढरा शर्ट काढून ये. शोभेला मला कोणी नको आहे."

त्यानंतर व्हॉल्व्ह धुण्याचा कार्यक्रम घरात सणासारखा ठरून गेला. जुने टूथब्रश, डबाभर साफ करायचं औषध, खाली पसरलेली वर्तमानपत्रं. झाकण मला नवीन मिळालं, बिननावाचं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बाबा मुलांना फाटकाच्या पलीकडे पिटाळत. ज्या ज्या शेजाऱ्याला रुमाल दाखवला होता, त्याच्या त्याच्या घरी ते स्वतः गेले आणि "मी सांगितलं ते विसरा" म्हणून आले. त्यातल्या दोघांनी पत्रे बसवून घेतले होते. ते बाबांनी बसून काढले. "इतक्या घरी चहा मी आयुष्यात प्यायलो नव्हतो," म्हणाले. "चूक केली की पुण्यातसुद्धा चहा मिळतो."

काही वर्षांनी त्यांची छाती भरून यायला लागली. चाचणी विभागातल्या बंद खोल्यांमध्ये आयुष्यभर ओढलेला धूर होता तो, डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं. जिने बंद झाले. मग प्राणवायूचं यंत्र घरी आलं. ते सुरू झाल्याबरोबर बाबा म्हणाले, "याचा पंप ढिला आहे," आणि कंपनीच्या माणसाने उघडून पाहिलं तर होता.

त्या दिवसांतली एक सकाळ मला फार स्वच्छ आठवते. व्हॉल्व्ह धुवायचा दिवस होता. बाबा बाल्कनीत खुर्चीवर, नाकाला नळी, हातात फोन. मिलिंद खाली बॉनेटमध्ये वाकलेला, त्याचा फोन गाडीच्या बॅटरीवर ठेवलेला.

"बाबा, कुठला बोल्ट आधी?"

"जो सोडून तू दुसऱ्याला हात लावतोयस तो."

"फार घट्ट आहे."

"मग काय शिजवून ठेवायचा होता? तेल सोड, थांब, मग फिरव. घाई तुला आहे, बोल्टला नाही."

ब्रशचा खरखर आवाज फोनमधून वर येत होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "हळू घास. दात तुझे नाहीत म्हणून काय झालं." खालून मिलिंद हसला, तो हसल्याचं फोनमधूनही ऐकू आलं आणि बाल्कनीच्या खालूनही. बोलता बोलता बाबांना दम लागला. मी फोन घ्यायला गेले, तर त्यांनी दिला नाही. बोलले नाहीत, नुसता कानाशी धरून बसले. मिलिंदनेही काही विचारलं नाही. तो काय करतो आहे ते मोठ्याने सांगत राहिला: आता गॅस्केट लावतोय, आता पहिला बोल्ट, आता समोरचा. सगळं बसवून झाल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि फोन इंजिनाजवळ धरला.

बाबांनी पुष्कळ वेळ ऐकलं. मग म्हणाले, "तुला कळतं यातलं."

थंडी संपता संपता ते गेले. घरीच, दुपारी, जेवण झाल्यावर. यंत्राचा आवाज चालू होता, म्हणून मला लगेच कळलं नाही. बुद्धवंदना झाली, सोसायटीतले सगळे आले, ज्यांना त्यांनी टोमणे मारले होते तेही, आणि सगळ्यांनी चहा घेतला. नंतर घरात एक विचित्र शांतता आली. ती अजून गेलेली नाही. मी हे लिहायला घेतलं त्याला बरेच दिवस झाले. रोज थोडं लिहिते आणि ठेवून देते.

मागच्या रविवारी मिलिंद कोणाला न सांगता खाली गेला. मी बाल्कनीत गेले नाही. तासाभराने तो वर आला, कोपरापर्यंत काळा, आणि बेसिनपाशी उभा राहून साबण लावू लागला. बराच वेळ हात चोळत राहिला. मग नळाकडे बघतच म्हणाला, "या वेळी काजळी कमी निघाली."

ही बातमी आहे हे समजणारं घरात एकच माणूस होतं. तो ती कोणासाठी घेऊन जिने चढून आला होता ते मला कळलं, आणि इथे आल्यावर ते त्याच्याही लक्षात आलं होतं.

मी टॉवेल घेऊन जवळ गेले. "का बरं कमी निघाली?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सांगू लागला. रस्त्यावरची गर्दी, सुट्टीत बाहेरगावी झालेली मोठी फेरी, इंजिन नीट तापलं की काय होतं, व्हॉल्व्ह किती उघडतो आणि कधी. यातलं सगळं बाबांकडून ऐकून मला माहीत होतं. नळ तसाच वाहत होता. मी तो बंद केला आणि पुढे विचारलं, "म्हणजे चढावर तो उघडतो की मिटतो?"